फाइलवर पिवळं कुलूप दिसतंय आणि चावी गेली: बाबांच्या दशावतारी रेकॉर्डिंगचं काय करायचं?

या वेळचं पत्र वेंगुर्ल्याजवळच्या एका ताईंचं आहे, थोडं आटोपशीर करून देतोय.

"दादा नमस्कार. माझे बाबा 76 वर्षांचे आहेत. 2010 ते 2019 आजूबाजूच्या गावांतल्या जत्रांना रात्र रात्र बसून त्यांनी दशावतारी नाटकं छोट्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड केली, साधारण 300 फाइल, सगळ्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर 'जत्रा' नावाच्या फोल्डरमध्ये. गेल्या महिन्यात जोराचा गडगडाट झाला, लाईट गेली आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. विंडोज 7 होतं. दुकानात दिलं, त्यांनी नवीन एसएसडी (चिपवाली, न फिरणारी डिस्क) घालून विंडोज 10 टाकून दिलं. डी ड्राइव्ह आहे, फाइलची नावं दिसतात, पण प्रत्येक फाइलवर छोटं पिवळं कुलूप आहे आणि उघडायला गेलं की अ‍ॅक्सेस डिनाइड. दुकानदाराने ओनरशिप घेऊन बघितली, तरी तेच. बाबा म्हणतात त्यांनी कधीतरी एक टिक केली होती, कारण नाटक मंडळीच्या मालकांना शब्द दिला होता की हे रेकॉर्डिंग बाहेर फिरणार नाही. आता सारखं 'मीच माझ्या हातान घालवलंय सगळा' म्हणतात आणि नीट जेवत पण नाहीत. पुण्याच्या एकाने फोनवर 40 हजार सांगितले, कोड तोडून देतो म्हणाला. द्यायचे का? आणि आता ई नावाचा एक रिकामा ड्राइव्ह पण दिसतो, 120 जीबीचा, त्यात मी भाच्याच्या मुंजीचे 6 जीबी फोटो टाकलेत."

ताई, आधी ते मशीन बंद करा. पुढचं वाचायच्या आधी करा, शटडाऊन करून मागचा वायरचा पिन काढा. का ते सांगतो, पण बंद केल्यावर वाचा.

आता पैशांचं. 40 हजार देऊ नका. कोड तोडतो म्हणणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारा, की कुठली चावी वापरून उघडणार? चावी शोधून काढतो असं म्हणाला तर पुढे बोलण्यात अर्थ आहे, आमच्याकडे पॉवरफुल सॉफ्टवेअर आहे तोडणारं असं म्हणाला तर फोन ठेवा. विंडोज 7 मध्ये या फाइल एईएस नावाच्या कुलूपपद्धतीने, 256 बिटच्या चावीने बंद होतात, आणि 256 बिट म्हणजे किती शक्यता, तर 78 आकडी संख्या. जगातले सगळे कॉम्प्युटर लावून बसलात तरी एक एक चावी लावून बघणं होणार नाही. कुणीही हे तोडत नाही. जे कोणी अशा फाइल परत मिळवून देतात ते चावी शोधूनच देतात, आणि तुमच्या पत्रात ती चावी कुठे असेल याचा धागा दिसतोय मला, म्हणून एवढं लांब लिहितोय.

बाबांनी जी टिक केली ती अशी, फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, आणि तिथे एन्क्रिप्ट कंटेंट्स. याला ईएफएस म्हणतात, एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टिम, विंडोज 2000 पासून आहे, प्रोफेशनल आणि त्यावरच्या आवृत्त्यांमध्ये. विंडोज 7 मध्ये अशा फाइलची नावं हिरवी दिसायची, बाबांना विचारा, हिरवी नावं नक्की आठवतील. गंमत अशी की टिक केल्यावर काहीच बदलल्यासारखं वाटत नाही. पासवर्ड मागत नाही, फाइल नेहमीसारखी उघडते, कारण तुम्ही तुमच्या नावाने लॉगिन केलंत की विंडोज मागच्या मागे कुलूप उघडून देतं. त्यामुळे कुलूप आहे हेच माणूस विसरतो. दहा वर्षं रोज उघडणारं दार कुलपाचं आहे हे कोण लक्षात ठेवणार? बाबांना हे सांगाच, ही त्यांची चूक नाही. त्यांनी शब्द दिला होता आणि तो पाळायला जे साधन हाताशी होतं ते वापरलं.

दुकानदाराने ओनरशिप घेतली तरी का उघडलं नाही ते पण सांगतो, कारण यात भलेभले फसतात. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून घराचं कुलूप उघडत नाही ना, तसंच आहे. ओनरशिप म्हणजे मालकी कोणाची याची नोंद, ती बदलता येते. पण आत फाइलमधला आवाजच उलटापालटा करून ठेवलाय, तो सरळ करायला चावीच पाहिजे, मालक कोणी का असेना.

चावी कशी असते बघा. प्रत्येक फाइलची स्वतःची एक छोटी चावी असते आणि ती फाइलच्या सोबतच डी ड्राइव्हवर आहे, पण तीसुद्धा बंद आहे. ती उघडायला लागते बाबांच्या विंडोज खात्याची खाजगी चावी. ही खाजगी चावी डी ड्राइव्हवर नसते, ती असते जुन्या सी ड्राइव्हवर, बाबांच्या युजर फोल्डरच्या आत. आणि ती पण बंद, ती उघडते एका मास्टर कीने, आणि मास्टर की उघडते बाबांच्या लॉगिन पासवर्डने. थोडक्यात दोन गोष्टी हव्यात, जुन्या सी ड्राइव्हवरच्या काही बारीक फाइल आणि जुना पासवर्ड. नव्या विंडोजमध्ये तुम्ही बाबांच्याच नावाने तोच पासवर्ड घालून खातं काढलंत तरी उपयोग नाही, नाव तेच असलं तरी विंडोजच्या लेखी तो वेगळा माणूस आणि त्याच्या चाव्या वेगळ्या.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ वाचून मी खुर्चीत सरळ बसलो ती ही, दुकानदाराने *नवीन एसएसडी* घातली आणि आता ई नावाचा 120 जीबीचा रिकामा ड्राइव्ह दिसतो. ताई, तो ई म्हणजे बहुतेक तुमचा जुना सी आहे. जुन्या हार्ड डिस्कवर दोन भाग होते, सी आणि डी. नवीन विंडोज एसएसडीवर गेलं, डी तसाच राहिला, आणि जुना सी दुकानदाराने जागा मोकळी करून देतो म्हणून फॉरमॅट केला. विंडोज जुन्या सीवरच परत टाकलं असतं तर त्याच्यावर नवीन विंडोजचेच 20 एक जीबी लिहिले गेले असते, इथे तसं झालेलं नाही.

हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट केलं की डेटा पुसला जात नाही. यादीची सुरुवात नव्याने लिहिली जाते आणि बाकी जागा 'मोकळी' म्हणून जाहीर होते, जुनं सगळं खाली तसंच पडून असतं जोवर त्याच्यावर नवीन काही लिहिलं जात नाही. म्हणून मी आधी मशीन बंद करायला सांगितलं. तुम्ही 6 जीबी फोटो टाकलेत, 120 मधले 6 म्हणजे विसावा भाग, फार नाही, घाबरू नका. पण विंडोज 10 स्वतःहून आठवड्यातून एकदा हार्ड डिस्क डीफ्रॅग करायला घेतं, तुम्ही काही न करता सुद्धा, आणि त्यात ते फाइल इकडून तिकडे हलवतं. मशीन चालू राहिलं की दर आठवड्याला धोका वाढतो.

आता दुकानदाराला फोन करा. भांडायला नको, त्याने मुद्दाम काही केलेलं नाही, आणि तुम्हाला त्याची मदत लागणार आहे. विचारा, जुना सी फॉरमॅट केला तेव्हा क्विक केला की फुल? तो म्हणेल आठवत नाही, मग विचारा किती वेळ लागला. क्विक फॉरमॅट काही सेकंदांत होतं. फुल फॉरमॅट 120 जीबीला चांगला वेळ घेतं, चहा पिऊन येईपर्यंत पण संपत नाही, आणि विस्टापासून पुढे फुल फॉरमॅटमध्ये सगळीकडे शून्य लिहिली जातात, म्हणजे मग तिथे काही उरत नाही. बहुतेक दुकानात गर्दीच्या वेळी क्विकच करतात. अजून एक विचारा, फॉरमॅटच्या आधी जुन्या सीचा बॅकअप कुठे घेतला होता का? पुष्कळ जण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एखाद्या दुकानातल्या डिस्कवर काढून ठेवतात आणि महिना दोन महिने तो तसाच पडून असतो. त्यात अख्खा युजर फोल्डर असेल तर सोन्याहून पिवळं.

मी पण या धंद्यातलाच. 2012 साली माझ्या हातून एका मास्तरांचं मशीन असंच गेलं. सी फॉरमॅट करू का विचारलं, ते हो म्हणाले, मी केलं. डीवर त्यांनी पंधरा वर्षं जमवलेली गावातल्या झाडांची माहिती होती, हिरव्या नावांची. तेव्हा मला हिरवं नाव म्हणजे काय हे माहीत होतं पण मी बघितलंच नाही, आणि विंडोज त्याच जागेवर परत टाकलं. ती माहिती आली नाही परत. तेव्हापासून फॉरमॅटच्या आधी प्रत्येक ड्राइव्ह उघडून हिरवी नावं किंवा कुलूप आहे का बघतो आणि जुन्या सीची पूर्ण कॉपी महिनाभर ठेवतो.

बरं, पुढचं काम. मशीनमधून जुनी हार्ड डिस्क काढून घ्या, एसएसडी राहू दे, मशीन तिच्यावर चालेल आणि तुमची रोजची कामं अडणार नाहीत. मग एक नवीन 1 टीबीची डिस्क घ्या आणि जुन्या डिस्कची *सेक्टर बाय सेक्टर* कॉपी करून घ्या. हा शब्द दुकानात असाच्या असा सांगा. साधं कॉपी पेस्ट इथे चालणारच नाही, कुलूप लागलेल्या फाइल चावीशिवाय पेन ड्राइव्हवर जातच नाहीत. आणि काही क्लोनिंगची सॉफ्टवेअर वेळ वाचवायला मोकळी जागा सोडून देतात, पण आपलं जे काही आहे ते त्या 'मोकळ्या' जागेतच आहे, त्यामुळे ती सोडायची नाही. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू नावाचं कॉपीचं सॉफ्टवेअर चालवलं तर उत्तम, फुकट आहे. आणि कृपा करून जुनी कुठली आणि नवीन कुठली हे दोनदा बघून घ्यायला सांगा, उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होते आणि मग खरंच संपलं. जुन्या डिस्कवर खडूने नाहीतर मार्करने मोठ्ठं 'जुनी' लिहा. कॉपी होताना डिस्कमधून टक टक आवाज आला तर तिथेच थांबवायचं, ती डिस्क मग डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्येच जायला हवी. गडगडाटातून वाचलेली डिस्क आहे, आपल्याकडची दमट खारी हवा दहा वर्षं खाल्लेली, तिला जास्त फिरवत बसू नका.

कॉपी झाली की जुनी डिस्क सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून द्या. यापुढे सगळं काम कॉपीवर.

यातली सर्वात सोपी शक्यता आधी बघा. विंडोज 7 मध्ये पहिल्यांदा फाइल एन्क्रिप्ट केली की खाली कोपऱ्यात एक सूचना येते, तुमच्या चावीचा बॅकअप घ्या म्हणून. बाबा शिस्तीचे असणार, दहा वर्षं जत्रांच्या तारखा सांभाळणारा माणूस, त्यांनी कदाचित घेतला असेल. ती फाइल डॉट पीएफएक्स या नावाने संपते. घरातले सगळे जुने पेन ड्राइव्ह, सीडी, डी ड्राइव्हचे बाकीचे फोल्डर, सगळीकडे पीएफएक्स शोधा. सापडली तर तिच्यावर डबल क्लिक करून इंपोर्ट करायचं, तेव्हा ठेवलेला पासवर्ड घालायचा, आणि फाइल उघडतील. पाच मिनिटांचं काम. ड्रॉवर उपसायला मात्र दिवस जाईल.

पीएफएक्स नाही मिळाली तर कॉपीवरच्या त्या ई भागातून जुना सी शोधायचा. यासाठी डीएमडीई, आर-स्टुडिओ असली सॉफ्टवेअर असतात, ती अख्खा भाग वाचून जुनी फोल्डरची रचना उभी करतात. तिथे युजर्स, मग बाबांचं नाव, मग अ‍ॅपडेटा, मग रोमिंग, मग मायक्रोसॉफ्ट असं आत जायचं. तिथे तीन फोल्डर हवेत, क्रिप्टो, प्रोटेक्ट आणि सिस्टिमसर्टिफिकेट्स. क्रिप्टोमध्ये खाजगी चावी, प्रोटेक्टमध्ये मास्टर की, आणि तिसऱ्यात सर्टिफिकेट. सगळं मिळून काही केबी. लपवलेल्या फाइल असतात त्या, त्यामुळे हिडन फाइल दाखवा असं आधी करून ठेवा, नाहीतर फोल्डर रिकामा दिसेल आणि उगाच धीर सुटेल.

आणि इथे एक फार उपयोगाची गोष्ट आहे, जी बऱ्याच दुकानदारांना माहीत नसते. शोधायचं काय आहे त्याचं *नाव* आधीच कळू शकतं. कॉपी केलेली डिस्क लावून, कमांड प्रॉम्प्टमध्ये सायफर, जागा, स्लॅश सी आणि पुढे जत्रा फोल्डरमधल्या कुठल्याही एका फाइलचं नाव लिहून एंटर मारा. ही कमांड काही उघडत नाही आणि काही बिघडवत नाही, फक्त सांगते की ही फाइल कोण उघडू शकतं, आणि खाली सर्टिफिकेटचा थंबप्रिंट देते, 40 अक्षरं आणि आकड्यांचा. जुन्या सीवर सर्टिफिकेटची जी फाइल असते तिचं नाव तोच थंबप्रिंट असतो, अगदी तीच 40 अक्षरं. ती वहीत चार चारच्या गटात उतरवून घ्या आणि स्कॅनमध्ये तेच नाव शोधा. दिसलं तर समजायचं जुन्या सीचा तो कोपरा शाबूत आहे, आणि बाकीचे दोन फोल्डर जवळपास मिळायची आशा चांगली. एक सांगून ठेवतो, याच सायफर कमांडला स्लॅश डब्ल्यू लावून कुणी चालवायला सांगितलं तर अजिबात नाही. ती मोकळी जागा कायमची पुसून टाकते.

तीन फोल्डर हातात आले की पासवर्ड. बाबांचा शेवटचा लॉगिन पासवर्ड, विंडोज 7 चा, नवा नाही. पासवर्ड ठेवलाच नव्हता, थेट सुरू व्हायचं, असं असेल तर उलट बरं, रिकामा पासवर्ड पण चालतो. आठवत नसेल तर त्यांना टोकू नका. दुपारी जेवण झाल्यावर निवांत बसा, त्यांना बोलू द्या, कुठल्या नाटकाचं, ग्रामदेवतेचं, नातवाचं नाव, कुठलं साल, पहिलं अक्षर मोठं करायची सवय होती का. सगळ्या शक्यता कागदावर लिहा. इथे तीन वेळा चुकलं की बंद असं काही नसतं, कॉपीवर हजार वेळा प्रयत्न करता येतात. अगदीच नाही आठवला तर जुन्या सीवर विंडोज, सिस्टिम32, कॉन्फिग या फोल्डरमधल्या सॅम आणि सिस्टिम नावाच्या दोन फाइल पण काढून ठेवा, त्यावरून पासवर्ड शोधायचे प्रयत्न होतात, साधा शब्द असेल तर सापडतो. एईएस तुटत नाही पण माणसाने ठेवलेला साधा पासवर्ड सापडू शकतो.

मग एल्कमसॉफ्टचं अ‍ॅडव्हान्स्ड ईएफएस डेटा रिकव्हरी नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याला ती डिस्क आणि पासवर्ड दिला की ते स्वतः चाव्या शोधतं, पुसलेल्या सुद्धा, आणि कुठल्या फाइल उघडतील ते दाखवतं. आधी ट्रायल चालवून बघायची, फाइल उघडण्यासारख्या आहेत असं दिसलं तरच पैसे भरायचे. पुण्याच्या माणसाला जायचंच असेल तर याच अटीवर, आधी चावी सापडली हे दाखवा मग पैसे.

खरं सांगायचं तर, फॉरमॅट फुल झालं असेल, किंवा जुनी डिस्क पण एसएसडीच असेल, तर हा रस्ता बंद आहे. एसएसडी पुसलेली जागा लगेच आतून साफ करून टाकते, तिथे खाली काही पडून राहत नाही. पण 2010 च्या मशीनमध्ये साधी फिरणारी डिस्कच असणार.

याच्यासारखी बाकीची पत्रं पण येतात म्हणून दोन ओळीत सांगतो. विंडोज तेच आहे, फक्त कुणीतरी पासवर्ड रिसेट केला आणि तेव्हापासून हिरव्या फाइल उघडत नाहीत, तर पासवर्ड परत जुनाच करून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने होतं. लॅपटॉप चालू करतानाच निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागत असेल तर ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं अख्ख्या डिस्कला लागणारं कुलूप, ती की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आपोआप जमा झालेली असते, दुसऱ्या मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करून बघा, घरात ज्याच्या ज्याच्या ईमेलने तो लॅपटॉप सुरू केला होता त्या प्रत्येकाच्या खात्यात. आणि फाइलच्या नावापुढे विचित्र शेपूट लागलं असेल आणि पैसे मागणारी चिठ्ठी पडली असेल तर ते रॅन्समवेअर, त्याच्यासाठी युरोपोल आणि डच पोलिसांनी 2016 साली इतरांसोबत सुरू केलेली नो मोअर रॅन्सम नावाची साइट बघा, काही प्रकारांच्या चाव्या तिथे फुकट आहेत, आणि 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

आता ताई, तुमच्या रेकॉर्डिंगचा दुसरा रस्ता, आणि मला वाटतं हा बाबांनीच चालायचा आहे. दशावतारात संहिता लिहिलेली नसते, संवाद त्या रात्री तिथेच सुचतात. त्यामुळे त्या रात्रीचा आवाज गेला तर ते नाटक परत कुणी लिहून देऊ शकत नाही, तोच नट दुसऱ्या जत्रेत दुसरंच बोललेला असतो. बाबांना एवढं का लागलंय ते कळतं मला. मी लहान असताना आजोबांच्या मांडीवर संकासूर बघून डोळे झाकलेले आहेत आणि पहाटे नाटक संपताना होणाऱ्या धयकाल्यापर्यंत जागलेलो आहे.

पण ईएफएसची एक खोड आहे, ती इथे आपल्या कामाची. कुलूप फक्त त्या ड्राइव्हवर असतं. बाबांनी स्वतः लॉगिन करून एखादी फाइल साध्या पेन ड्राइव्हवर घातली असेल, सीडी जाळली असेल, कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल, तर ती तिकडे *बिनकुलपाची* गेली. म्हणजे मंडळीच्या मालकांना, एखाद्या नटाला, पखवाजवाल्याला, पेटीवाल्याला बाबांनी जे जे दिलं ते सगळं उघडं आहे आणि वाजतं. शब्द दिला होता म्हणजे बाहेर दिलं नसेल, पण खुद्द कलाकारांना त्यांचंच नाटक ऐकायला दिलं असणारच.

दुसरं, तो छोटा रेकॉर्डर आणि त्याची मेमरी कार्डं. त्याच्यात कुलूप कधीच नव्हतं. कार्ड पुसून परत परत वापरलं असेल तरी शेवटची काही रेकॉर्डिंग त्यावर असू शकतात, फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुसलेल्या आवाजाच्या फाइल पण काढून देतं. ती कार्डं पण आता वापरू नका, बाजूला काढा.

आणि तिसरं, विंडोज एखादी आधीपासूनची फाइल एन्क्रिप्ट करतं तेव्हा मध्येच एक साधी तात्पुरती प्रत करतं आणि नंतर ती नुसती डिलीट करतं. म्हणजे ज्या दिवशी बाबांनी टिक केली त्या दिवशी फोल्डरमध्ये जेवढं होतं त्याच्या काही बिनकुलपाच्या प्रती डी ड्राइव्हच्या मोकळ्या जागेत अजून पडलेल्या असू शकतात. कॉपीवर डी भाग पण फोटोरेकने चाळून घ्या. अर्धवट तुकडे येतील, नावं नसतील, पण एखाद्या तुकड्यात नाईकाचं, म्हणजे मुख्य गायकाचं, गाणं ऐकू आलं तरी कुठल्या जत्रेचं ते बाबा ओळखतील.

या सगळ्यासाठी एक कागद लागेल. फाइलमधला आवाज बंद आहे पण फाइलची नावं बंद नाहीत, ती ईएफएस लपवत नाही. त्या 300 नावांची यादी प्रिंट करून बाबांच्या हातात द्या, मोठ्या अक्षरात, आणि सोबत लाल पेन. कुठलं नाटक, कुठली जत्रा, कोणाला प्रत दिली, ते त्यांना जसं आठवेल तसं नावासमोर लिहू दे. पुढच्या जत्रांचा हंगाम सुरू झाला की ती यादी घेऊन रंगपटात जायचं, मेकअप चाललेला असतो तेव्हा निवांत बोलणं होतं. तोपर्यंत फोनवर दोन चार जुन्या कलाकारांना विचारता येईल, आणि ते बोलणं बाबांनीच करावं.

थंबप्रिंटची 40 अक्षरं जुन्या सीवर सापडली की नाही ते मला नक्की कळवा. पण आधी दुकानदाराला फोन, क्विक की फुल.